परीटघडीची परीक्षा

शुक्रवार, १९ सप्टेंबर. सकाळी गारवा. नळाचे पाणी गढूळ, दोनदा गाळले. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा खोकला तसाच. आज हिची शेवटची परीक्षा. गणवेशाला कालच खळ दिली होती, आज इस्त्री केली. हातमोजे उकळून फिनेलच्या पाण्यातून काढले, कोरडे झाले. डबा दिला. ती खाणार नाही, पण दिला. बाकीचे संध्याकाळी.

ही नोंद वहिनींची. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीही तारीख घालून हवामान तेवढे लिहिले होते. नोंदीतली 'ही' म्हणजे त्यांची नणंद. लग्न केले नाही, भावाच्या घरी राहिली, आणि भावामागे वहिनींनी तिला जाऊ दिले नाही. दोन खोल्या, एक गॅलरी, दोघींच्या दोन खाटा आणि मध्ये इस्त्रीचे टेबल, असा त्यांचा संसार.

टेबल नणंदेचे. तिचे अर्धे आयुष्य मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेले होते. रक्ताचा डाग थंड पाण्यात, औषधाचा कोमट पाण्यात, आणि सगळ्यावर शेवटी फिनेलचा हात, हे तिच्या बोटांत इतके मुरले होते की घरचे पायपुसणेसुद्धा ती ऑपरेशनला निघाल्यासारखे धूत असे. मग इस्पितळाने धुलाईचे काम बाहेरच्या यंत्रांना दिले आणि बायकांना एकेक पुष्पगुच्छ देऊन निरोप दिला. गुच्छ तिने घरी आणला, पण पाण्यात ठेवला नाही.

त्याच सुमारास नगरपालिकेच्या फलकावर जाहिरात लागली. तोवर गावात मोकाट जनावरे धरायला ठेकेदार येई. त्याच्याकडे तारेचा आकडा असे, आणि तो गल्लीत शिरला की कुत्री आणि लहान मुले एकदमच पळत. आता नवा नियम झाला होता. गावातलीच माणसे प्राणी नियंत्रण अधिकारी म्हणून नेमायची, त्यांना रीतसर शिकवायचे, आणि शिकवणारा लायक म्हणेल त्यालाच कायम करायचे. वयाची अट नव्हती.

वहिनींना आधी थट्टाच वाटली. "तू? झुरळ दिसलं की स्टुलावर चढतेस तू."

"झुरळाला उडता येतं, वहिनी. कुत्र्याला येत नाही."

मुलाखतीला टेबलामागे तीन साहेब आणि कडेला खिडकीबाहेर बघत बसलेला एक सडपातळ म्हातारा होता. कुत्र्याची भीती वाटते का, हा प्रश्न सगळ्यांना होता. तिच्या आधीच्या आडदांड तरुणाने, भीती म्हणजे काय ते आपल्याला माहीत नाही, असे छाती काढून सांगितले होते. हिने सांगितले, "वाटते. लहानपणी एक मागे लागला होता, अजून कुत्रा दिसला की रस्ता बदलते. पण भीती वाटली म्हणून हातातलं काम टाकलं, असं कधी झालेलं नाही."

म्हाताऱ्याने खिडकीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिले. अर्ज ढीगभर आले होते. उमेदवार म्हणून दोघांनाच घेतले, तो तरुण आणि ही.

पहिल्याच दिवशी तरुणाने तिच्या गणवेशाकडे बघून सांगितले की या विजारीच्या घडीवर भाजी चिरता येईल, आणि तिचे नाव परीटघडी ठेवले. तिने त्याचे पैलवान ठेवले. शिकवायला मुलाखतीतला तो म्हाताराच होता, त्याचे दोघांनी मिळून ठेवले सावकाश. तोंडावर 'सर', पाठीमागे सावकाश. कारण तो शब्द सरांच्या तोंडात दिवसभर असे. त्यांची सगळी नोकरी बंदरावर, बोटींतून उतरणाऱ्या जनावरांची तपासणी करण्यात गेली होती. वाघापासून पोपटापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि अंगावर ओरखडा मात्र एकच, तोही एका प्रवाशाच्या छत्रीचा.

सावकाशांनी सुरुवातीला एकही जनावर दाखवले नाही. कोंडवाड्याच्या अंगणात उभे राहायला शिकवले. अंग तिरके, हात सैल, नजर जमिनीवर, श्वास पोटातून. पैलवान पाच मिनिटांत चुळबुळू लागे. परीटघडीला मात्र वाफेच्या यंत्रासमोर तासन् तास उभे राहायची सवय होती. ती खांबासारखी उभी राही.

मग काठी आली. लांब, आणि टोकाला दोरीचा फास. सावकाशांनी तो फास स्वतःच्या गळ्यात घातला, दुसरे टोक पैलवानाच्या हाती दिले आणि म्हणाले, "ओढ." पैलवानाने काठी जेमतेम हलवली. नंतर त्याच्या गळ्यात, नंतर हिच्या. दुखले काहीच नाही. पण काठी कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही, तो पुढे काय करणार ते कळत नाही, आणि मान वळवली की फास आवळतो, एवढे तिला त्या क्षणात समजले ते कुणी तासभर सांगून समजले नसते.

त्यानंतर गाडी. पिंजऱ्यात एकेकाला बसवून, दार लावून, गावातून एक फेरी. त्या संध्याकाळी तिने जेवण उरकले. मग म्हणाली, "गावातला रस्ता न् रस्ता मला पाठ आहे, वहिनी. आज एकही ओळखू आला नाही. बाहेर माणसं हसत चाललेली ऐकू येत होती."

आणि मग तो दिवस आला, ज्याची गोष्ट ती पुढे कितीदा सांगत राहिली. कोंडवाड्याच्या मोठ्या खोलीत नवी आणलेली दहा-बारा कुत्री होती. दार उघडताच कानठळ्या बसतील असा कल्लोळ उठला, जाळीवर पंजे आपटू लागले. सावकाश आत गेले. हातात बादली होती, ती पालथी घातली आणि तिच्यावर कुत्र्यांकडे कूस करून बसले. जमिनीकडे बघत राहिले. आणि थोड्या वेळाने त्यांनी तोंड उघडून एक लांबलचक, आळसावलेली जांभई दिली. जणू जेवण झाले आहे, दुपार मोठी आहे, आणि जगात घाई म्हणून काही नाहीच.

एक कुत्रा थांबला. मग दुसरा. एखाद्या घरातले दिवे एकेक करून मालवावेत तसा तो गोंगाट विझत गेला. शेवटचा, तांबडा, थोडा वेळ एकटाच भुंकत राहिला, मग त्यालाही ते बरे दिसेना. त्याने पुढे येऊन सावकाशांच्या बुटाचा वास घेतला आणि तिथेच अंग टाकले.

जाळी मुठीत धरून उभ्या असलेल्या परीटघडीच्या अंगावर काटा आला. इस्पितळात बडे डॉक्टर खोलीत शिरले की शांतता पसरते, ती तिने जन्मभर पाहिली होती. पण ती दबलेली शांतता. ही वेगळी होती. ही शांतता त्या म्हाताऱ्याने लादली नव्हती, कुत्र्यांनी ती आपण होऊन दिली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी नाकाबद्दल सांगितले. आपण घरात शिरलो की स्वयंपाकाचा वास येतो, एवढेच आपल्याला कळते. कुत्र्याला मीठ वेगळे, तेल वेगळे, ढवळणाऱ्या बाईचा हात वेगळा, आणि ती बाई सकाळी रडली असेल तर तेही वेगळे.

घरी हे ऐकून वहिनींनी लेखणी खाली ठेवली. "सकाळी रडलेलं संध्याकाळी कळतं?"

"कळतं म्हणतात."

त्यानंतर वहिनी गल्लीतल्या कुत्र्यासमोरून जाताना जरा सावरूनच जाऊ लागल्या.

इथवर सगळे सुरळीत होते. जनावरांजवळ जायची पाळी आली आणि घोडे पेंड खाऊ लागले. पैलवानाच्या अंगावरचा सदरा आठवड्यातून एकदा पाणी बघे, पण कुत्री त्याचे हात चाटत. परीटघडी जाळीपाशी गेली की तीच कुत्री मागच्या भिंतीला चिकटत. एक तर तिला बघून जागच्या जागी मुतला. ती अंग तिरके धरी, नजर खाली ठेवी, जांभई देऊन देऊन तिचा जबडा दुखे, पण उपयोग शून्य. वहिनींचे मत पडले की जग घाणेरड्यांचेच आहे. तिला हसू आले नाही. तिने मनाशी ठरवून टाकले होते की कुत्र्यांना तिच्या अंगाला भीतीचा वास येतो. उभे राहायला शिकता येते, वास कसा बदलणार?

तिने ते सावकाशांना सांगितले. त्यांनी नाही म्हटले नाही. असेल, म्हणाले. मग बोलले, "तुम्ही उभ्या राहता तसं माझ्याकडे कुणी उभं राहिलेलं नाही. पण जनावर जवळ येत नसेल तर तुम्हाला दरवेळी काठीच वापरावी लागणार. मग तुमच्यात आणि त्या ठेकेदारात फरक काय? शेवटच्या परीक्षेतही असंच झालं, तर मी सही करणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नये तर काय घ्यावे? या वयात दुसरे काम मिळायची आशा नव्हती. पण त्याहून मोठे म्हणजे, ती जांभई पाहिल्यापासून तिला दुसरे काही करावेसेच वाटत नव्हते. घरी येऊन तिने तेच केले जे तिला येत होते. गणवेश आणखी स्वच्छ धुतला. हातमोजे उकळले. काठीचा दोर, बूट, डब्याची पिशवी, सगळ्यावरून फिनेल फिरवले. रोज. आणि रोज कुत्री आणखी मागे सरकत राहिली.

परीक्षा लाकडाच्या बंद पडलेल्या वखारीत होती. मालक गाव सोडून गेला, राखणदार गेला, कुत्रा राहिला. मोठा काळा, एका कानाचा शेंडा नसलेला. मालक फाटक राखायला सांगून गेला होता, तो राखत होता. मीटर बघायला आलेल्या माणसाचा घोटा त्याने फोडला. हुकूम असा होता की दिवस मावळायच्या आत कुत्रा जिवंत धरून कोंडवाड्यात आणावा आणि पिसाळला आहे का ते बघायला वेगळा ठेवावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूकवाला येईल. सावकाशांनी दोन दिवस लांबून पाहिले होते. कुत्रा खातो, पाणी पितो, शुद्धीत दिसतो. "पिसाळलेला नाही असं माझं मत," ते म्हणाले. "पण मत म्हणजे खात्री नव्हे. उमेदवारांना इंजेक्शनं दिली आहेत ती शोभेला नाहीत. सावकाश."

पैलवान आदल्या दिवशी विहिरीतून वासरू काढून उत्तीर्ण झाला होता. तो आज गाडीवर होता. परीटघडी दोर घेऊन आत गेली आणि फाटक लागले.

ओंडक्यांच्या दोन राशींमध्ये बोळ होता, बोळाच्या टोकाला कुत्रा. गुरगुर आधी ऐकू आली, डोळे मग दिसले. ती एका ओंडक्यावर तिरकी बसली. दुपार कलली. कुत्रा पुढे येई, ओठ थरथरवी, आणि परत मागे जाई. फाटकापलीकडे पैलवान उन्हात ताटकळत होता, सावकाश छत्री उघडून खुर्चीवर बसले होते.

बसून बसून तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. कुत्रा तिच्याकडे बघतच नव्हता. त्याचे नाक तेवढे हलत होते. तिच्या पाठीमागून वाऱ्याची झुळूक आली की तो बोळात आत जाई. वारा पडला की दोन पावले पुढे येई. पुन्हा झुळूक, पुन्हा आत. ती हललीही नव्हती, तिची भीती कमी-जास्तही झाली नव्हती, आणि तरी.

तेव्हा तिला मुलांचा वॉर्ड आठवला. ताज्या चादरींची गाडी ढकलत ती निघे, आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत वॉर्डातली मुले रडायला लागत. चाकांचा आवाज म्हणून नर्सने चाकांना तेल घालायला लावले. मुले रडतच राहिली. शेवटी एका म्हाताऱ्या आयाने सांगितले होते, "अगं, तुझ्या चादरींना सुईचा वास येतो." तेव्हा ती हसली होती.

तिने हातमोजा नाकाला लावला. तिला काहीच आले नाही, फक्त स्वच्छपणा. पण कोंडवाड्याची फरशी रोज सकाळी याच वासाने धुतली जात होती. तिथल्या प्रत्येक कुत्र्याला ओढून आणले गेले होते ते याच वासात. या काळ्याचा कान कुणी, कुठल्या टेबलावर दाबून धरून शिवला असेल, तिथेही हाच वास असणार. तिच्या अंगाला भीतीचा वास येत नव्हता. इस्पितळाचा येत होता. महिनोन् महिने ती त्या मुक्या जिवांपुढे सुया घेऊन उभी होती आणि म्हणत होती, घाबरू नका.

तिने हातमोजे काढून लांब भिरकावले.

"हातमोजे!" सावकाश खुर्चीतून उठले.

"तेच नकोत, सर."

मग तिने अंगातला खळ दिलेला कोट काढला, सवयीने घडी घातली, आणि घडी घातल्याचे लक्षात येताच तो ओंडक्यामागे टाकून दिला. गुडघ्यांवर बसून तिने ओला भुसा दोन्ही हातांनी उचलला आणि दंडांना चोळला, मानेला चोळला, केसांत चोळला. डबक्यातला चिखल विजारीच्या घडीवर फासला. पैलवानाने हळूच सांगितले की सर, परीटघडीला वेड लागलं. सावकाशांनी त्याला हाताने गप्प केले. ते छत्री मिटून जाळीला टेकून उभे राहिले होते.

ती पुन्हा तिरकी बसली. पहाटेपासूनची उठलेली, त्यामुळे या वेळी जांभई द्यावी लागली नाही, आपोआप आली. झुळूक आली आणि गेली. कुत्रा आत गेला नाही.

तो किती वेळाने आला ते तिला सांगता आले नाही. आधी सावली आली, मग श्वास. सैल सोडलेल्या हाताशी ओले नाक टेकले आणि तो वाचू लागला. दुसरा शब्द तिला कधी सुचला नाही. तो बोटाबोटांमधून वाचत गेला, तळव्यावर थांबला, मनगटावर मागे येऊन पुन्हा तेच बघितले. भुशाखाली फिनेल असणार, फिनेलखाली साबण, साबणाखाली सकाळचा डबा, वहिनींचा हात, तिची झोप, तिची भीती. हो, भीतीही. ती होतीच. काही लपले नव्हते त्याच्यापासून. अख्ख्या जन्मात कुणी तिला इतक्या बारकाईने आणि इतक्या सभ्यपणे तपासले नव्हते. तिला वाटले, आता उठून पळावे, आणि वाटले, हे संपू नये.

मग त्याने एक मोठा उसासा टाकला आणि आपले डोके तिच्या गुडघ्यावर ठेवले. जड होते. तिने दोर त्याच्या मानेवरून सरकवला, तो हलला नाही.

गाडीपर्यंत तो तिच्या बाजूने चालत आला. पिंजऱ्याचे उघडे दार दिसताच चारही पाय रोवून उभा राहिला. पैलवान काठी घेऊन पुढे आला. तिने मान हलवली, वाकून स्वतः पिंजऱ्यात चढली आणि अंधारात तिरकी बसली. कुत्र्याने पायरीचा वास घेतला, तिचा घेतला, आणि उडी मारली.

"लाव दार," ती म्हणाली.

वळणावळणाला तो तिच्या अंगावर रेलत होता. कुठला रस्ता चालला आहे ते आजही तिला कळत नव्हते. आज तिने ओळखायचा प्रयत्नही केला नाही.

कोंडवाड्यात सावकाशांनी दार उघडले. त्यांच्या एका हातात तिने फेकलेले हातमोजे होते. "मी तुमचा चेहराच बघत राहिलो," ते म्हणाले. "हात हुंगायला हवे होते." आणि तिथेच, गाडीच्या पत्र्यावर कागद ठेवून, त्यांनी सही केली. त्या दिवसापासून कोंडवाड्याची फरशी साध्या साबणाने धुतात.

काळा पिसाळलेला नव्हता. ठरलेले दिवस उलटल्यावर त्याने कोंडवाड्याचे फाटक राखायला घेतले, ते शेवटपर्यंत राखले. सावकाश थकले तेव्हा नवे उमेदवार शिकवायचे काम परीटघडीकडे आले. गणवेश तिचा अजून कडक असतो, फक्त खळ आणि वाफ, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना रांगेत उभे करते, काही न बोलता प्रत्येकाचे हात नाकाशी धरते, आणि पैलवान मागून सांगतो, "घाबरू नका, चावत नाही."

पण त्या शुक्रवारी ती जिना चढून आली तेव्हा वहिनी दारातच थबकल्या. केसांत भुसा, गालावर चिखल, कोट काखोटीला.

"इस्पितळातल्या कुणी पाहिलं असतं तर?"

"आत तर येऊ दे, वहिनी. सही झाली."

वहिनींनी तिला आत घेतले. त्यांनी तिच्याकडचे हातमोजे घेतले, बादली ओढली आणि सवयीने फळीवरच्या बाटलीकडे हात नेला. नणंदेने त्यांचे मनगट धरले आणि ओट्याला टेकून, पहिल्यापासून, सगळे सांगितले. काळ्याने हात वाचला त्या ठिकाणी वहिनी खाली बसल्या. सांगून झाल्यावरही कितीतरी वेळ त्या आपल्याच तळव्याकडे बघत होत्या.

नंतर त्यांनी वही उघडली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिले: हातमोजे साध्या पाण्यात धुऊन गॅलरीतल्या दोरीवर घातले. फिनेलची बाटली वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली.